काळा काळा दिसेपर्यंत : लालबागच्या एका खोलीतली एकोणीस वर्षांची वाट

लालबागच्या एका जुन्या चाळीत पहिल्या मजल्यावर माझ्या मामाचं घर आहे. पुढची खोली दहा बाय बारा, मागे स्वयंपाकघर, दारासमोर सामाईक गॅलरी. २००१ च्या दिवाळीत बोनसच्या पैशांतून घेतलेला २९ इंची फ्लॅट ट्यूबचा टीव्ही या पुढच्या खोलीत ऑगस्ट २०२५ पर्यंत चालला. त्यातली पहिली पाच वर्षं सोडली, तर उरलेली एकोणीस वर्षं ‘या वर्षी बदलू’ म्हणत म्हणत तो तिथेच राहिला.

पैशांची अडचण अधूनमधून होती, पण ते मुख्य कारण कधीच नव्हतं. मामा दर वेळी पुढे येणाऱ्या पडद्यासाठी थांबला होता. आधी एसईडीसाठी, मग ओएलईडीसाठी, मग मायक्रोएलईडीसाठी.

मी १९९६ पासून टीव्ही दुरुस्त करतो. ‘आत्ता घेऊ की नवीन येतंय त्याची वाट बघू’ हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कुणी ना कुणी गिऱ्हाईक विचारतं. मामाचं प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की हा माणूस कंजूष नव्हता आणि अडाणी तर मुळीच नव्हता. पडद्यावरचं चित्र त्याच्याइतकं कळणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. प्रत्येक टप्प्यावर त्याने दिलेलं कारण खरं होतं. खरी कारणं एकापुढे एक लागत गेली आणि एकोणीस वर्षं गेली. त्यातली काही वर्षं माझ्या सल्ल्याने गेली, हेही इथे लिहायला हवं.

केबिनमधली नजर

मामा परळच्या बाजूच्या एका चित्रपटगृहात ऑपरेटर होता. १९७५ मध्ये मदतनीस म्हणून तो प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये शिरला, तेव्हा तिथे कार्बनच्या कांड्यांमध्ये ज्योत पेटवून उजेड करत. कांड्या जळत लहान होत जातात, त्यांच्यातलं अंतर सारखं राखावं लागतं, नाहीतर पडद्यावरचा पांढरा रंग पिवळा पडतो. खाली बसलेल्या प्रेक्षकांना ते कळायच्या आत केबिनमधल्या माणसाला कळलं पाहिजे. पुढे झेनॉनचा दिवा आला, पण नजर तीच राहिली. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमकतो, तो लहानपणी मला त्यानेच दाखवला. २०११ मध्ये तिथला फिल्मचा प्रोजेक्टर निघाला, डिजिटल बसला आणि पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाला.

अशा माणसाचं टीव्हीकडे एकच मागणं होतं : “काळा काळा दिसला पाहिजे. राखाडी नको.”

२००६ मध्ये समोरच्या खोलीत ३२ इंची एलसीडी आला. सगळी चाळ बघायला गेली, मामाही गेला. रात्रीचा प्रसंग लागला आणि तो परत आला. “अंधारात धुकं पसरल्यासारखं दिसतं रे,” एवढंच म्हणाला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. एलसीडीत पडद्यामागे दिवा सतत जळत असतो आणि पुढची द्रवस्फटिकं झडपेसारखी उघडमीट करून उजेड अडवतात. झडप पूर्ण कधीच मिटत नाही, उजेड झिरपतो. जुन्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत जिथे पडत नाही तिथे उजेडच नसतो. मामाच्या पाच वर्षं जुन्या ट्यूबचा काळा त्या नव्या सेटपेक्षा खरोखर खोल होता.

त्याच सुमारास त्याने वर्तमानपत्रात एसईडीबद्दल वाचलं आणि कात्रण काढून ठेवलं. ती कात्रणांची फाइल अजून आहे. कॅनन आणि तोशिबा या दोन कंपन्यांनी २००४ मध्ये मिळून या पडद्यासाठी वेगळी कंपनी काढली होती. कल्पना ऐकूनच ट्यूबवर प्रेम करणाऱ्या माणसाचं मन हरखावं अशी होती : मागच्या लांब मानेतून एक झोत सगळ्या काचेवर फिरवण्याऐवजी प्रत्येक ठिपक्यामागे त्याचा स्वतःचा छोटा इलेक्ट्रॉन सोडणारा भाग. म्हणजे चित्र ट्यूबचं आणि जाडी पाटीची. २००६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मोठ्या प्रदर्शनात तो लोकांनी डोळ्यांनी पाहिलाही होता. मामा म्हणाला, वर्षभर थांबू.

पुढे पेटंटवरून खटला उभा राहिला. जानेवारी २००७ मध्ये तोशिबा त्या कंपनीतून बाहेर पडली. तोवर एलसीडीच्या किमती इतक्या भराभर उतरल्या की नवा कारखाना उभारून त्याच्याशी भाव जुळवणं कठीण झालं आणि २०१० मध्ये कॅननने ती कंपनी गुंडाळायचं जाहीर केलं. एसईडीचा एकही टीव्ही दुकानात विकायला आला नाही. फाइलमध्ये या शेवटच्या बातमीचं कात्रण नाही. ती छापली गेली असणारच, पण एखादी गोष्ट येणार असली की पहिल्या पानावर असते आणि येणार नसली की आत कोपऱ्यात जाते. मामा २०१० मध्येही मला विचारत होता, “ते कॅननवाल्यांचं काय झालं रे?”

मी दिलेला सल्ला

२०१० च्या दिवाळीत मी मामाला दादरच्या एका दुकानात प्लाझ्मा दाखवायला घेऊन गेलो. ४२ इंची. त्याने दुकानदाराला विनंती करून वरचे दोन दिवे बंद करायला लावले आणि दहा मिनिटं उभा राहून बघितलं. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे काळा चांगला असतो आणि बाजूने बघितलं तरी रंग उडत नाहीत. मामाला तो आवडला. जड होता, तापत होता, वीज जास्त खात होता, तरी आवडला.

आणि मी म्हणालो, “मामा, एक वर्ष थांब. ओएलईडी येतंय. याच्याहून काळा, कागदासारखा पातळ.”

माझ्या बोलण्याला आधार होता. सोनीने ११ इंची ओएलईडी टीव्ही २००७ च्या अखेरीस जपानमध्ये विकायला आणलेला होता, किंमत दोन लाख येन. मी धंद्यातला माणूस, मला वाटलं की ११ चे ४० इंच व्हायला दोन वर्षं पुरेत. ओएलईडीत वीज मिळाली की स्वतः उजळणारे सेंद्रिय रसायनांचे थर असतात; मोठ्या काचेवर ते सारखे पसरवणं किती अवघड आहे याचा मला अंदाजच नव्हता. मोठ्या आकाराचा, ५५ इंची, ओएलईडी टीव्ही एलजीने २०१३ मध्ये आणला आणि त्याची किंमत एखाद्या छोट्या मोटारीएवढी होती. त्याच वर्षाच्या शेवटी पॅनासॉनिकने प्लाझ्मा बनवणं थांबवलं आणि २०१४ मध्ये सॅमसंग व एलजीनेही थांबवलं. म्हणजे मामाला आवडलेला, त्याच्या नजरेला उतरलेला आणि त्याला परवडणारा एक टीव्ही बाजारात होता. मी त्याला तिथून परत आणलं आणि आम्ही वाट बघत असतानाच तो प्रकारच बाजारातून उठला.

मधे २ एप्रिल २०११ आला. वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना, लालबागपासून गाडीने अर्ध्या तासावर. मामाकडे नातेवाईक धरून अकरा माणसं जमली होती. टीव्ही चालू होता, त्यात बिघाड काही नव्हता. पण प्रसारण रुंद चित्राचं आणि ट्यूब चौकोनी, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या. २९ इंची ट्यूबचा डोळ्याला दिसणारा भाग साधारण २७ इंच असतो आणि त्यात रुंद चित्र बसवलं की हातात २५ इंची चित्र उरतं. मागे बसलेल्यांना धावफलक वाचता येईना. एकेक करत पोरं समोरच्या एलसीडीकडे गेली. धोनीने षटकार मारला तेव्हा मामा समोरच्या खोलीच्या दारात उभा होता, ज्या पडद्याला त्याने पाच वर्षांपूर्वी धुकं म्हटलं होतं त्याच्यासमोर. त्या संध्याकाळी काळ्याबद्दल तो काही बोलला नाही.

त्याच्या भिंतीवर न मावणारी गोष्ट

२०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मी तो लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांनी जुन्या टीव्हीला जोडून दिला आणि टीव्हीचं आयुष्य आणखी वाढलं.

त्यानंतरच्या वर्षांत वाट बघण्याला दुसराही आधार मिळाला : चाळीचा पुनर्विकास. २००९ पासून सभा चालू आहेत, बिल्डर ठरतो, बदलतो. नवीन घर मोठं मिळणार, मग मोठा टीव्ही घेऊ, असं मामी म्हणायची आणि तोवर नवीन पडदाही स्वस्त होईल, असं मामा म्हणायचा. एका वाटेने दुसरीला टेकू दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा चाळीत पुन्हा आशा वाढली. ती मला समजते. मुंबईत घराच्या बाबतीत माणूस थांबतो कारण त्याच्या हातात दुसरं काही नसतं. टीव्हीच्या बाबतीत मात्र सगळं मामाच्या हातात होतं.

२०१८ मध्ये सॅमसंगने १४६ इंची मायक्रोएलईडीची भिंत दाखवली आणि मामाच्या फाइलमध्ये नवा कप्पा सुरू झाला. यात प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन सूक्ष्म दिवे. काळा पूर्ण काळा, उजेड भरपूर, सेंद्रिय थर नसल्यामुळे एकच चित्र फार वेळ राहून पडद्यावर त्याचा डाग उमटण्याची भीती कमी. कागदावर याच्यात खोट काढता येत नाही. म्हणून मी एके रविवारी मामासमोर वही घेऊन बसलो.

४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० ठिपके असतात, म्हणजे ८२,९४,४००. प्रत्येकात तीन दिवे धरले तर जवळजवळ अडीच कोटी. हे सगळे एका जागी तयार करून दुसऱ्या काचेवर नेमके उचलून ठेवायचे. दहा हजारांत एक जरी चुकला तरी पडद्यावर अडीच हजार मेलेले ठिपके. दहा लाखांत एक चुकला तरी पंचवीस, आणि हातात आल्यावर तेवढे शोधून दुरुस्त करावे लागणार. आता यातली खरी गोम : पडदा लहान केला की काम सोपं होत नाही, अवघड होतं. ठिपके तेवढेच, पण दिवे आणखी बारीक आणि आणखी जवळ. म्हणून हे तंत्र मोठ्या भिंतींवरून खाली येतं. २०२३ मध्ये सॅमसंगने भारतात ११० इंची मायक्रोएलईडी आणला, किंमत १,१४,९९,०००. किंमत सोडून देऊ. त्याची रुंदी जवळजवळ आठ फूट. मामाच्या खोलीत खिडकी आणि लोखंडी कपाट यांच्यामध्ये मोकळी भिंत आहे साडेतीन फूट.

मामा बराच वेळ वहीकडे बघत होता. “पण कधीतरी लहान होईलच ना?”

होईल, असं मला आजही वाटतं. पण ‘कधीतरी’ हा शब्द आमच्या घरात २००६ पासून होता.

मी चालू ठेवलेला टीव्ही

या सगळ्या काळात तो सेट मीच जिवंत ठेवला. दोनदा पॉवर सेक्शनचे फुगलेले कपॅसिटर बदलले, एकदा हॉरिझॉन्टल आउटपुटचा ट्रान्झिस्टर, एकदा ईएचटी, म्हणजे ट्यूबला उच्च दाबाची वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. पावसाळ्यात लालबागच्या दमट हवेत ईएचटीजवळ चरचर आवाज यायचा, मी साफ करून, सुकवून, सिलिकॉन लावून द्यायचो. २०१९ च्या सुमारास ट्यूब वीक झाली, चित्र मंद आणि लालसर दिसू लागलं. तीही एकदा बूस्ट करून दिली. दुरुस्तीवर माझा विश्वास आहे, चालणारी वस्तू टाकून द्यायला माझा हात धजत नाही. पण इथे माझ्या प्रत्येक दुरुस्तीने मामाला आणखी दोन वर्षं थांबायची सोय करून दिली, आणि त्या दोन वर्षांचं भाडं दुसरंच कुणी भरत होतं.

मामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन २०२१ मध्ये झालं. त्यानंतर दूरचं बरं दिसत होतं, तरी त्या २५ इंची, मंद चित्रातल्या पट्ट्या तिला वाचता यायच्या नाहीत, शिवाय ट्यूबच्या कडा चित्राचा थोडा भाग गिळतातच. तिने तक्रार केली नाही. नातीने तिला मोबाइलवर मालिका लावून द्यायला शिकवलं. तेव्हापासून संध्याकाळी सातला मामी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून, मांडीवर मेथीची जुडी आणि डब्याला टेकवलेला सहा इंची मोबाइल, अशी बसायची. मामा बाहेरच्या खोलीत एकटा बातम्या बघायचा. मी महिन्यातून दोनदा त्या घरी जात होतो आणि चार वर्षं हे दृश्य बघत होतो. कधी विचारलंही नाही की मामी, तू बाहेर का बसत नाहीस? टीव्हीतला काळा किती काळा याची चर्चा आम्ही मामा-भाचे तिच्या डोक्यावरून करत होतो.

गौरी आल्या त्या दिवशी

ऑगस्ट २०२५. गौरी बसल्या त्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलेलं, बाहेर लालबागच्या गर्दीचा आवाज. दुपारी टीव्हीतून चरचर झाली, ओझोनचा तो ओळखीचा तिखट वास आला आणि सेट बंद पडला. ईएचटी फुटला होता. विसर्जनानंतर मी लॅमिंग्टन रोडवर अर्धा दिवस फिरलो. त्या मॉडेलचा नवा भाग कुठेही नाही. एके ठिकाणी दुसऱ्या सेटमधून काढलेला जुना मिळत होता. २५ हजार व्होल्टच्या जागी कुणाच्या तरी सेटमधून काढलेला भाग म्हाताऱ्या माणसांच्या घरात बसवायला मी तयार झालो नाही.

दरम्यानची सोय म्हणून माझ्या दुकानातला ३२ इंची साधा एलईडी नेऊन ठेवला. (लोक एलईडी म्हणतात तोही एलसीडीच, मागचा दिवा तेवढा एलईडीचा. क्यूएलईडी म्हणून विकतात तोही बहुतेक वेळा एलसीडीच, त्यात रंग सुधारणारा क्वांटम डॉटचा थर असतो. मामासारख्या माणसानेही क्यूएलईडी म्हणजे ओएलईडी असं दोन वर्षं धरलं होतं.) आठवड्याने गेलो तर मामी उंबऱ्यात बसलेली, मेथी मांडीवर, नजर बाहेरच्या टीव्हीवर. मोबाइल फळीवर चार्जिंगला.

आणि मामा मला म्हणाला, “काळा तसा बरा दिसतोय रे याचा.”

तो काळा बरा नव्हता. तो सेट साधाच होता. मी वर बघितलं. ट्यूबलाइट लागलेली, गॅलरीचं दार उघडं. चाळीत दार रात्री दहापर्यंत उघडंच असतं.

“मामा, थिएटरात शो चालू असताना दार उघडलं तर काय व्हायचं?”

“पडदा पांढरा पडायचा. पडदा पांढराच असतो, काळा दिसतो तो हॉलच्या अंधारामुळे.” वाक्य संपवता संपवता तो थांबला. पन्नास वर्षांपूर्वी शिकलेली गोष्ट त्याने स्वतःच्या खोलीला कधी लावली नव्हती. मीही लावली नव्हती.

मोबाइलवर उजेड मोजला : पडद्याच्या जागी सुमारे १०० लक्स. काचेने त्यातला दोन टक्के परत फेकला असं धरलं तर पडद्यावर उगाचचा ०.६४ निट (निट म्हणजे पडद्याचा उजळपणा मोजायचं माप) उजेड पसरतो. १०००:१ कॉन्ट्रास्टचं (म्हणजे पांढरा काळ्याच्या हजारपट उजळ), सगळ्या बाजूंनी नीट दिसणारं आयपीएस जातीचं एलसीडी पॅनल ३०० निटवर चालवलं तर त्याचा काळा ०.३ निट, ४०००:१ वाल्या व्हीए जातीच्या पॅनलचा ०.०७५, ओएलईडीचा शून्य. दिवे विझवले तर या तिघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण ट्यूबलाइट लावून तिघांत ०.६४ मिळवा : ०.९४, ०.७१ आणि ०.६४. ज्या फरकासाठी मामा एकोणीस वर्षं थांबला, त्याचा बहुतेक भाग त्याच्याच घरातली ट्यूबलाइट रोज संध्याकाळी खात होती.

मग आम्ही खोली मोजली, जी २००६ मध्येच मोजायला हवी होती. कॉटपासून भिंत साडेआठ फूट, म्हणजे २.६ मीटर. निरोगी डोळा अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखतो. या अंतरावर तो पाऊण मिलिमीटरच्या आसपास येतो. ४३ इंची पडद्यावर फुल एचडीचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे तिथून ४केचा बारकावा दिसणारच नाही. तरी घेतला ४केच, कारण त्या आकारात चांगलं पॅनल आता त्यातच जास्त मिळतं. ५० इंची सेट भिंतीच्या साडेतीन फुटांत बसत नव्हता. आणि मामी बसते तो उंबरा पडद्याच्या बाजूला, चांगल्या ४५ अंशांवर. जास्त कॉन्ट्रास्टचं व्हीए पॅनल तिथून फिकट दिसतं, आयपीएस दिसत नाही. मामाला हवा होता व्हीए. मामीच्या जागेसाठी आयपीएस लागत होतं. या वेळी मी मामीला विचारलं.

“मला इथून दिसायला हवं,” ती म्हणाली. “बाहेर येऊन बसायला मला कधी होतं रे?”

ठरलं ते तिच्या उंबऱ्यावरून.

यानंतरही आम्ही काही दिवस थांबलो, आणि हे थांबणं मी पुन्हा करीन. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने ३२ इंचांवरच्या टीव्हीचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं होतं, लागू होणार २२ सप्टेंबरपासून, नेमकी घटस्थापना. करापूर्वी २५,००० चा सेट घेतला तर ३२,००० ऐवजी २९,५००. इथे तारीख ठरलेली होती, रक्कम ठरलेली होती आणि मधल्या दिवसांत मामीसमोर चालणारा टीव्ही होता. गिऱ्हाईक मला ‘थांबू का’ विचारतं तेव्हा मी आता हेच तीन प्रश्न उलट विचारतो. प्रदर्शनात दाखवलेल्या, पण आपल्या आकारात विक्रीला न आलेल्या पडद्याबाबत यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही.

दुकानात मामाने त्याच्या पद्धतीने तपासणी केली. दुकानात टीव्ही भडक मोडवर ठेवतात आणि वर फुलांची, पक्ष्यांची चित्रफीत लावतात. त्यात कुठलाही सेट चांगलाच दिसतो. त्याने विक्रेत्या मुलाला घरचा मोड लावायला सांगितला, मग साधी मराठी बातम्यांची वाहिनी. मुलगा म्हणाला, “काका, एसडी लावलं तर खराब दिसेल.” मामा म्हणाला, “माझ्या घरी तेच लागतं, तेच बघू दे.” ५७६ रेषांचं चित्र २१६० रेषांच्या पडद्यावर ताणायचं म्हणजे मधल्या रेषा सेटला मनाने भराव्या लागतात, कोणता सेट त्या नीट भरतो ते तिथेच उघड होतं. तीन सेटमधला सर्वांत महागडा यात सर्वांत वाईट निघाला. घरी आल्यावर मामीच्या चार वाहिन्यांपुरता केबलचा बॉक्स एचडी करून घेतला. सगळ्या खर्चात चित्र सर्वांत जास्त सुधारलं ते दर महिन्याच्या या थोड्याशा जादा पैशांनी.

जुन्या सेटचं एक काम राहिलं होतं. गल्लीतला भंगारवाला ट्यूबची मान फोडून योकमधलं (मानेवरच्या गुंडाळीतलं) तांबं काढतो आणि काच तिथेच टाकतो. त्या काचेत शिसं असतं, मोठ्या ट्यूबमध्ये किलोच्या घरात, आणि ते गटारातून शेवटी आपल्याकडेच येतं. मी ट्यूब डिस्चार्ज केली, आम्ही चौघांनी तो बोजा जिन्यावरून उतरवला आणि ई-कचऱ्याची परवानगी असलेल्या केंद्रात मी स्वतः नेऊन दिला. मामा टेम्पोपर्यंत आला. सेटवर हात ठेवून उभा राहिला, काही बोलला नाही.

कोजागिरीनंतर गेलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. दार लागलेलं, ट्यूबलाइट बंद, मामा एकटाच जुना कृष्णधवल चित्रपट बघत होता. म्हणाला, “आता दिसतंय बघ धुकं.” खरंच दिसत होतं, अंधारात आयपीएसचा काळा लपत नाही. पण पुढच्या खेपेला टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून झिरोचा बल्ब लावलेला होता. मागची भिंत मंद उजळली की तिच्या तुलनेत पुढचा राखाडी काळा वाटतो. हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. केबिनच्या खिडकीतून पन्नास वर्षांपूर्वी हॉलकडे बघताना त्याला कळलेलं असणार.

“मधे ठेवलेला जास्त पांढरा होता,” तो बल्बकडे बोट दाखवत म्हणाला, “हा पिवळट बरा. की अजून थोडा खाली घेऊ?”

आतून मामीचा आवाज आला, “आधी ती ट्यूब लावा. माझे तांदूळ निवडायचे राहिलेत.”